टॅबिथाचं माहेर

“मग ही बाई काय आभाळातून पडली?” मी फाइल टेबलावर आपटली. टेबल मिस लोरीनचं होतं, फाइलही त्यांचीच होती. पण आपटायचा हक्क माझा होता, कारण अख्खा हिवाळा मी त्या फाइलीत डोकं खुपसून काढला होता.

मिस लोरीन सफरचंदं सोलत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, “पडली असेल. टॅकेट लोकांना तसंच वाटायचं. बायका आभाळातून पडतात आणि पडल्या की स्वयंपाकाला लागतात.”

“हसण्यावारी नेऊ नका.”

“हनी, मी ऐंशी वर्षांची आहे. हसले नाही तर रडावं लागेल, आणि तुझा नवरा म्हणतो रडणं माझ्या हृदयाला चांगलं नाही.”

माझा नवरा म्हणजे विद्याधर. केंटकीच्या डोंगरातल्या त्या एवढ्याशा गावात तो हृदयाचा डॉक्टर होता, आणि मिस लोरीन टॅकेट त्याच्या पेशंट. लग्न न केलेल्या, गावातल्या शाळेत चाळीसेक वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि घरी बसून मी भिंतींशी भांडायला लागले होते. तेव्हा विद्याधरच म्हणाला, “मिस लोरीनना त्यांच्या घराण्याचे जुने कागद लावायला कुणीतरी हवंय. जा ना. तुला पुरातत्त्वाची आवड आहे.” मला पुरातत्त्वाची कसलीही आवड नव्हती. पण गेले.

गेले आणि अडकले. कारण टॅबिथा.

टॅबिथा म्हणजे मिस लोरीनच्या खापरपणजोबांची आई. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख नुसतं रान होता, तेव्हा डोंगर ओलांडून इथे आलेल्या पहिल्या बायकांपैकी एक. जेसी टॅकेटची बायको. आठ मुलं, त्यांतली तीन पुरलेली. नवरा मेल्यावर एकटीनं मका पिकवून बाकीची जगवली. हे सगळं माहीत होतं. ती कुणाची मुलगी, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मिस लोरीनच्या घरामागच्या टेकडीवर टॅकेटांची स्मशानभूमी होती. तिथे एकेका पुरुषाच्या दगडावर बापाचं नाव कोरलेलं, ‘अमक्याचा मुलगा तमका’. आणि कोपऱ्यात ओढ्यातला एक गोटा, त्यावर खिळ्यानं ओरखडलेला ‘टी’. संपली टॅबिथा.

मिस लोरीननी तिच्यासाठी नवा ग्रॅनाइटचा दगड सांगून ठेवला होता. त्यावर काय हवं तेही ठरलेलं होतं. “आधी ‘टॅबिथा’. मग ‘अमक्याची मुलगी’. आणि मग जागा उरली तर ‘जेसीची बायको’. ह्याच क्रमानं.” फक्त ‘अमक्या’चा पत्ता नव्हता. दगडवाला गॉसनेल दर आठवड्याला फोन करून विचारायचा, कोरू का? आणि मिस लोरीन म्हणायच्या, थांब.

थांबायला त्यांच्याकडे फार वेळ नव्हता. विद्याधरनं मला सांगायला नको होतं, पण एकदा जेवताना सांगून टाकलं. “पुढचा हिवाळा काही दिसत नाही त्यांना.”

त्यामुळे मी फाइली आपटत होते. लग्नाची नोंद सापडली होती, इथलीच, केंटकीतली. त्यात नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या जामिनाचं नाव, पाद्र्याचं नाव. नवरीच्या नावापुढे नुसतं ‘टॅबिथा’. पाद्र्याचं आडनाव लिहायला शाई होती मेल्यांकडे! जमिनीचे कागद पाहिले, चर्चचे पाहिले. ‘जेसीची बायको’, ‘जेसीची विधवा’, ‘मायकेजाची आई’. प्रत्येक वेळी कागद उलटताना वाटायचं, आता इथे असेल. आणि नसायचं.

माझं डोकं इतकं फिरायला आणखी एक कारण होतं. मला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण. आमच्याकडे सातव्यात मुलगी माहेरी जाते. माझी बॅगसुद्धा भरून झाली होती. पण मधे थोडा त्रास झाला आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ बंदी केली. आईनं यावं तर बाबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. म्हणजे मी इथे, आई देवरुखला, आणि माझं बाळंतपण विद्याधरच्या सुट्टीच्या दोन आठवड्यांच्या भरवशावर. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो. तसा स्वभावच आहे.

तर त्या दिवशी फाइल आपटल्यावर आतून एक कागद घसरून बाहेर आला. मायकेजाची जबानी. मायकेजा हा टॅबिथाचा थोरला. म्हातारपणी त्यानं सैन्याच्या पेन्शनसाठी अर्ज केला होता आणि त्यात स्वतःची माहिती दिली होती. शेकडो वेळा वाचलेला कागद. ‘माझा जन्म क्लिंच नदीच्या काठी झाला.’

“मिस लोरीन,” मी म्हटलं, “ही क्लिंच नदी कुठे आली?”

“व्हर्जिनियात. डोंगरापलीकडे.”

“लग्न इथे, अलीकडे. बाकीची सात मुलं झाली इथे. मग थोरला एकटाच पलीकडे कसा झाला?”

मिस लोरीनची सुरी थांबली.

मी उठून उभीच राहिले. “पहिलं बाळंतपण!” मी ओरडले. “अहो, पहिलं बाळंतपण माहेरी! ती माहेरी गेली होती!”

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे कसं सातव्या महिन्यात मुलीला घ्यायला येतात, आई कशी डिंकाचे लाडू करते, शेक-शेगडी, तेल, बाळंतविडा. सव्वा महिना बाईनं पाण्यात हात घालायचा नाही. “आणि नवरा?” त्यांनी विचारलं. “नवरा येतो, बाळ बघतो, जेवतो आणि परत जातो.”

“हे मला फार आवडलं,” मिस लोरीन म्हणाल्या. मग सालींची परात बाजूला सारली. “तुला खात्री आहे?”

“शंभर टक्के. उगाच कोण बाई पोट घेऊन डोंगर ओलांडेल? क्लिंचच्या काठी टॅबिथा शोधायची. आडनाव काहीही असो.”

संध्याकाळी विद्याधरला सांगितलं तर तो हसला. “अगं मेधा, ती काय देवरुखची आहे का? इथे कुठलं माहेर आणि कुठलं डोहाळेजेवण?”

“आई ही सगळीकडे आईच असते.”

“असेल. पण रस्ता होता का?”

“तुम्ही हृदयाचं बघा,” मी म्हटलं. “बायकांचं मला कळतं.”

रविवारी सकाळी आईचा फोन लागला तेव्हा तिलाही सांगितलं. ‘बघ गं आई, इथले लोक चंद्रावर जाऊन आले, पण घरातल्या बाईच्या बापाचं नाव ह्यांना टिकवता आलं नाही!’ आई म्हणाली, “आणि तुझ्या पणजीचं माहेर कुठलं गं?”

“कुठलं?”

“मला काय ठाऊक! मी तिची नातसून. लांज्याकडचे कुणीसे होते म्हणतात.”

“नाव काय होतं तिचं?”

“माई.”

“माई हे काय नाव झालं?”

“आता सगळे माईच म्हणायचे, तर मी काय करू? बाबांना विचारलं असतं, पण त्यांचं बोलणं कळत नाही हल्ली. तू लोह घेतेस ना वेळेवर?”

फोनचे मिनिटाला केवढे पैसे पडत आणि त्यात हे उत्तर! मी चिडून विषय बदलला.

क्लिंचच्या खोऱ्यातल्या वाचनालयांना, चर्चना मी पत्रं धाडली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं ‘टॅबिथा नाही, पण टोबायस आहे, चालेल का’ असं विचारलं. आणि मग एप्रिलच्या सुरुवातीला एल्बर्ट प्रुइट नावाच्या गृहस्थांचा फोन आला. निवृत्त दातांचे डॉक्टर, घराण्याची माहिती जमवायचा छंद. अगदी नदीकाठी त्यांचं दोनशे वर्षांपूर्वीचं घराणं.

“टॅबिथा होती का तुमच्यात?” मी विचारलं.

“होती की. ओबडाया प्रुइटची मुलगी.”

“साल?”

त्यांनी जन्मसाल सांगितलं. आमच्या टॅबिथाशी तंतोतंत जुळत होतं. मी फोनचा रिसीव्हर मिस लोरीनच्या हातात दिला आणि खुर्चीत बसून घळाघळा रडले. त्या दिवशी मला माझाच राग आला नाही.

“या ना एकदा,” एल्बर्ट प्रुइट म्हणाले. “सगळं दाखवतो.”

विमानाला बंदी होती, गाडीला नव्हती. विद्याधरनं आकांडतांडव केलं. एक बाई आठव्या महिन्याच्या तोंडावर, दुसरीचं हृदय निम्मं चाललेलं, आणि रस्ता घाटाचा. “दोघींना वेड लागलंय,” तो म्हणाला. “माहेरी जायला कुणाची परवानगी घ्यायची नसते,” मी म्हटलं. आणि बेसनाचे लाडू केले. व्याह्यांकडे रिकाम्या हाती कसं जायचं?

मिस लोरीननी निळा ड्रेस आणि मोत्यांचा सर घातला होता. लिपस्टिक लावली होती, ती जरा ओठांबाहेर गेली होती. त्यांच्या भल्यामोठ्या ब्यूइक गाडीत मी चाकामागे बसले तर पोट जवळपास स्टिअरिंगला टेकलं. घाटाच्या माथ्यावर त्या म्हणाल्या, “इथूनच गेली असणार ती.”

“हो तर. खाली आईनं पाणी तापत ठेवलं असेल,” मी म्हटलं.

मिस लोरीननी माझ्या हातावर हात ठेवला. आजही मला तो हात आठवतो. अगदी गार.

एल्बर्ट प्रुइट दारातच उभे होते. उंच, स्वच्छ, टाय बांधलेले. त्यांच्या बायकोनं डुकराच्या मांसाचं जेवण केलं होतं, आणि मी शाकाहारी म्हटल्यावर बिचारीची त्रेधा उडाली. मग उकडलेल्या घेवड्यावर भागवलं. लाडू मात्र सगळ्यांना आवडले. एल्बर्टनी तीन खाल्ले आणि “दातांच्या दृष्टीनं हा गुन्हा आहे” म्हणाले. मिस लोरीन भिंतीवरच्या एकेका जुन्या फोटोपुढे उभ्या राहून बघत होत्या. एका बाईच्या हनुवटीला त्यांनी बोट लावलं आणि मग स्वतःच्या हनुवटीला. “बघ, मेधा,” त्या हळूच म्हणाल्या. मीही बघितलं. मला तर डोळेही तेच दिसले!

जेवणं झाल्यावर एल्बर्ट उठले. “चला. टॅबिथाला भेटायचंय ना?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. भेटायचं? आमची टॅबिथा केंटकीत टेकडीवर होती, ओढ्यातल्या गोट्याखाली.

“तिच्या आईवडिलांना म्हणायचंय का तुम्हाला?” मी विचारलं.

“तेही आहेत तिथेच.”

घरामागे मोठ्या ओकच्या झाडाखाली कुंपण घातलेली जागा होती. ओबडायाचा दगड. त्याच्या बायकोचा दगड. आणि दोघांच्या मधे एक आखूड दगड, गुडघ्याएवढा. एल्बर्टनी त्यावरची पानं पायानं बाजूला सारली आणि मोठ्यानं वाचलं, “टॅबिथा. ओबडाया आणि मार्था यांची लाडकी लेक. वय वर्षं नऊ.”

वरून वारा वाहत होता. मी पुन्हा वाचलं. नऊ.

“नऊ?” मी म्हटलं.

“घटसर्प. त्या हिवाळ्यात तीन मुलं गेली त्यांची.”

“पण तुम्ही म्हणालात टॅबिथा होती!”

“होती ना,” एल्बर्ट गोंधळून म्हणाले. “तुम्ही विचारलंत होती का. ही काय.”

“अहो, तिचं लग्न झालं! तिला आठ मुलं झाली! नऊ वर्षांची मेलेली मुलगी आम्ही काय करायची?” मी परक्या माणसाच्या स्मशानात, त्याच्या पूर्वजांपुढे उभी राहून ओरडत होते. “एवढा घाट चढून आलो आम्ही! ह्यांचं वय बघा! फोनवर तोंडातून एक शब्द काढता आला नाही?”

“मेधा,” मिस लोरीन म्हणाल्या.

“नाही, मला सांगू दे! मग मायकेजा इथे कसा जन्मला? ती इथे माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला!”

एल्बर्टनी मायकेजाचं जन्मसाल विचारलं. मी सांगितलं. “ओहो,” ते म्हणाले. “त्या वर्षी तर अर्धी केंटकी इथे होती. तिकडे लढाई पेटली होती. जमिनी बळकावल्या होत्या ना ह्या लोकांनी, मूळचे लोक उठले त्यांच्यावर. मग बायकापोरं जीव घेऊन डोंगर उतरून आली. नदीकाठी लाकडी कोट होता, त्यात दाटीवाटीनं राहिली. कितीतरी बाळंतपणं झाली तिथे. निवळल्यावर परत गेली.”

म्हणजे आईनं तापवलेलं पाणी नाही, लाडू नाहीत, तेल नाही. अनोळखी बायकांच्या गर्दीत, जमिनीवर, बाहेर बंदुका धरलेले पुरुष. मी तिथेच कुंपणाला टेकून उभी राहिले. कंबर भरून आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एल्बर्ट भले गृहस्थ होते. त्यांना आमची तोंडं बघवेनात. ते म्हणाले, “मिस टॅकेट, माझं ऐकाल का? लावा प्रुइट. ही पोर वाढली असती तर कुठेतरी लग्न होऊन गेलीच असती. आमच्या घराण्यात कुणाची हरकत नाही. मी लिहूनही देतो.”

माझ्या जिवात जीव आला. “खरंच?” मी मिस लोरीनकडे वळले. “ऐकलंत? गॉसनेलला आजच फोन करू. दगड पुढच्या आठवड्यात—”

मिस लोरीन वाकल्या. त्यांना वाकायला त्रास व्हायचा. त्यांनी त्या लहान दगडावरची उरलेली पानं हातानं काढली आणि सरळ झाल्या. “आभारी आहे, डॉक्टर प्रुइट,” त्या म्हणाल्या. “पण ही तुमची आहे. हिला हिच्या आईजवळच असू दे.”

परतीच्या वाटेला लागलो आणि मला राहवेना.

“का नाही म्हणालात? त्याची हरकत नव्हती. त्या पोरीची नव्हती. टॅबिथाची नव्हती. हरकत फक्त तुमची!”

“उसनं माहेर नको, हनी.”

“उसनं तर उसनं! काहीच नसण्यापेक्षा बरं!”

“दुसऱ्याच्या लेकीचं नाव घेऊन तिला त्या टेकडीवर झोपवू? म्हणजे मग ती कोण होती हे पुन्हा कुणी शोधणारच नाही. दगडावर लिहिलेलं आहे म्हटल्यावर लोक शोधायचे थांबतात.”

“पण वेळ कुठे आहे?” मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

“मला माहीत आहे तो किती आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याचा चेहरा काहीच लपवत नाही.”

पुढे एक पेट्रोलपंप आला तिथे मी गाडी थांबवली, कारण डोळ्यांपुढचा रस्ता पुसट झाला होता. मिस लोरीननी पर्समधून रुमाल काढून दिला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “ते कोटाचं मला ठाऊक होतं.”

“काय?”

“लढाई, पळापळ, कोट. चाळीस वर्षं शिकवला मी हा इतिहास. त्या वर्षीचा प्रत्येक धडा मला पाठ आहे.”

“आणि मला बोलू दिलंत? महिनाभर? मी पत्रं पाठवत होते, लाडू करत होते!”

“तू त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होतीस,” मिस लोरीन म्हणाल्या, “आई कशी न्यायला माणूस पाठवते. चाळीस दिवस तिला कसं पाण्यात हातही घालू देत नाही. मला वाटलं, असं झालं असेल तर? एकदा तरी कुणी तिच्यासाठी पाणी तापवलं असेल तर? मला ते हवं होतं, मेधा. मला ते इतकं हवं होतं की मी पोरांना शिकवलेलं सगळं विसरायला तयार झाले.”

मी गाडी सुरू केली. पण राग गेला नव्हता. त्यांच्यावरचा, एल्बर्टवरचा, त्या पाद्र्यावरचा आणि त्याच्या शाईवरचा. घरी पोचेपर्यंत मी घाटातल्या प्रत्येक ट्रकला मराठीत शिव्या घातल्या.

त्यानंतरही मी शोधत राहिले. कोटात आलेल्या लोकांची नावं मिळतात का पाहिलं; पुरुषांची मिळाली. मेच्या शेवटी गॉसनेलनं दगड आणून टेकडीवर बसवला. त्यावर ‘टॅबिथा’ असं ठसठशीत कोरलेलं होतं, त्याखाली ‘हिची मुलगी’ आणि ‘ह्याची मुलगी’ अशा दोन ओळी, आणि दोन्हींपुढे नावाची जागा कोरी. गुळगुळीत ग्रॅनाइट. गॉसनेल मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, मी तीस वर्षं हा धंदा करतोय, असा अर्धवट दगड कधी दिला नाही. म्हातारीला काही झालंय का?” मलाही तो दगड बघून चीड आली होती. एवढी मेहनत, आणि शेवटी काय, तर मोकळी जागा. ती जागा आजही तशीच आहे. मी मधे मधे विचारत असते.

पुढल्याच आठवड्यात माझे दिवस भरले. दुपारी, भर दोन वाजता, विद्याधरच्याच हॉस्पिटलात मला मुलगी झाली. आई नव्हती. कळा येत होत्या तेव्हा मी आईला हाका मारल्या, खूप मारल्या, आणि ती तिकडे देवरुखला झोपली असेल ह्याचाही मला राग आला. ह्या सगळ्यात माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. मला वाटलं नर्स असेल. नंतर बघितलं तर मिस लोरीन. खुर्चीवर बसलेल्या, काठी मांडीवर आडवी. त्यांना आत कुणी सोडलं, देव जाणे. त्यांनी गरम पाण्यात टॉवेल पिळून माझं तोंड पुसलं. नर्स म्हणाली, ‘मॅडम, ते आम्ही करतो.’ मिस लोरीननी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मुकाट्यानं बाजूला झाली. बहुधा त्यांच्या वर्गात बसून गेली असावी.

संध्याकाळी जन्माच्या नोंदीचा कागद आला. कागदाखाली कार्बन, त्याखाली कागद, त्याखाली पुन्हा कार्बन आणि कागद. विद्याधर आनंदानं येडा झाला होता. तो पलंगाच्या कडेला बसून भराभर भरत गेला. बाळाचा जन्म, वेळ, वजन. बापाचं नाव. आईचं नाव. मग थबकला आणि मोठ्यानं वाचलं, “आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव.” आणि लिहायला लागला, ‘मेधा—’

“थांबा,” मी म्हटलं. “काय लिहिताय?”

“मेधा आठल्ये. तुझ्या माहेरचं आडनाव. का?”

“मेधा आठल्ये नावाची बाई ह्या जगात कधी जन्मलीच नाही.”

मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. लग्नात, गृहप्रवेशानंतर, ताटात तांदूळ पसरून त्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. त्याच्या आईला आवडणारं. सगळ्यांना पेढे वाटले होते. मीसुद्धा लाजून हसले होते. पासपोर्टही नव्याच नावानं झाला.

“काय झालं?” मिस लोरीननी विचारलं. मराठीतलं बोलणं त्यांना कळत नव्हतं, पण सूर कळला होता. मी सांगितलं.

त्यांना आधी खरं वाटेना. “आडनाव बदलतात, ते समजलं. पण नाव? तुझं स्वतःचं? आईनं ठेवलेलं?”

“हो.”

“म्हणजे दोनशे वर्षांनी मी तुला शोधायला निघाले असते, तर?”

“सापडले नसते.”

मिस लोरीन उठल्या. काठी न घेता, पलंगाला धरून धरून त्या विद्याधरपर्यंत आल्या आणि आपल्या डॉक्टरच्या हातातलं पेन काढून घेतलं. ते माझ्या हातात दिलं. त्यानं खिशातलं दुसरं पेन काढून गुपचूप ‘मेधा’ खोडलं, बाजूला सही केली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

“दाबून लिही,” मिस लोरीन म्हणाल्या. “खाली दोन कार्बन आहेत.”

मी लिहिलं. कुमुद विष्णू आठल्ये. किती दिवसांत हाताला सवय नव्हती. मिस लोरीननी चष्मा लावला, वरचा कागद उचलला, मग त्याखालचा, मग शेवटचा. शेवटच्या कागदावर आडनाव फिकट आलं होतं. त्यांनी मला ते पुन्हा गिरवायला लावलं.